कॅसेटचा कौल

आयुष्यात मी एकदाच इंजिनियर झाले, आणि तेव्हा मी अकरावी कॉमर्सला होते. यावरून माझ्या इंजिनियरिंगचा दर्जा लक्षात यावा. पदवी माझ्या काकाने दिली होती. कार्यक्षेत्र म्हणजे एक काळा डबा, दोन कॅसेटी आणि त्या कॅसेटी जिथे बसायच्या ती बोटभर रुंदीची खाच.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्यांत आई, बाबा, मी आणि काकू. काकाही आमच्यातलाच, पण वर्षातले बहुतेक महिने तो बोटीवर. तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलर होता, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा. जहाज आखातात जाऊन तेल भरायचं, आणि आखातात तेव्हा इराण-इराकची लढाई चालू होती. घरात हा विषय निघाला की काका म्हणायचा, "लढाई त्यांची. आमका कित्याक मारतीत?" आणि ताटातली मासळी उलटी करायचा.

व्हिडिओ गेम त्यानेच दुबईहून आणला. चाळीत टीव्ही असलेली घरं चार-दोन होती, पण टीव्हीतल्या माणसाला डावीकडे जा, उजवीकडे जा असं सांगता येणारं घर आमचं एकट्याचं. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यामुळे हत्यारांची पेटी घरात होती, पण त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ह्यात लोखंड नाही. हे माझं काम नव्हे." आईला त्या डब्याची धूळ सोडली तर कशातच रस नव्हता. म्हणून काकाने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही आमची इंजिनेर."

आता त्या खाचेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यात अडकलेलं आहे. खाचेच्या आत धातूच्या पातळ जिभांच्या दोन रांगा असायच्या, एकमेकींकडे किंचित वाकलेल्या. कॅसेटच्या तळाला एक हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. कॅसेट खाचेत दाबली की एकेक जीभ एकेका रेघेला टेकायची. सगळ्या नीट टेकल्या तर चित्र. एखादी टेकली नाही तर पट्टे, मुंग्या, नाहीतर नुसता काळा पडदा आणि टीव्हीचा हिस्स असा आवाज. आमच्या भागातली हवा म्हणजे वर्षभर भिजल्यासारखी. काडेपेटी पेटायची नाही, पापड कडक राहायचे नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर फुगायचं. अशा हवेत तांबं किती दिवस उजळ राहणार?

काकाच्या सुट्टीतच एकदा चित्र येईना. त्याने कॅसेट काढली, दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि गावच्या देवळात गुरव लावतो तसला सूर लावला. आमच्या कोकणात देवाला प्रश्न विचारायची रीत आहे. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, काम होणार. डावीकडची पडली तर डावा, विषय संपला.

"बा देवा म्हाराजा!" काका ओरडला. "ह्या डब्यात जो कोण बसलेलो आसात, तेका सांगणा करतंय. आमची बोट टीव्हीर दिसाक व्हयी. उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हयऽ म्हाराजा!" आम्ही सगळे. बाबासुद्धा.

कॅसेट आत. खटका. आणि खरंच बोट दिसली. त्या गेममध्ये तळाशी पाण्यात एक लहानसं जहाज असायचं आणि वरून विमानं येऊन त्याच्यावर बॉम्ब टाकायची. आपण जहाज इकडेतिकडे सरकवून वाचवायचं. काकाला तो गेम फार आवडायचा आणि त्या कप्तानाचा फार राग यायचा. "गाढव आसा ह्यो. सरळ धक्क्याक लावूक काय होता ह्येका?"

त्या दिवसापासून गेम लावायचा म्हणजे कौल लावायचा, असं ठरूनच गेलं. शेजारची मुलं खेळायला आली तरी आधी गाऱ्हाणं, मग कॅसेट. मला गुरव म्हणू लागले. इंजिनियरपेक्षा हे बढतीचं पद होतं की उतरतीचं, मला कळलं नाही. पगार दोन्हींचा नव्हताच.

सुट्टी संपली. काका गेला.

काकूचं लग्न होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं. बाबांसमोर ती बोलायची नाही. थोरले दीर ते. काही विचारायचं असलं तर ती माझ्याकडे बघून म्हणायची, "भावोजींका विचार गो, चाय ठेवू काय." बाबा हातभर अंतरावर बसलेले. मग मी बाबांकडे मान वळवायची, "बाबा, चहा ठेवू का विचारतेय." बाबा मला सांगायचे, "ठेव म्हणावं." आमच्या घरात टेलिफोन नव्हता, पण एक्स्चेंज होतं.

काका गेल्यावर काही दिवसांनी, दिवेलागणीनंतर, काकू भाकरीचा हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"काय गो गुरव? विचारूया?"

"काय विचारूया?"

"बरे आसत काय ता."

मी हसले. तीही हसली. तिने स्वतःच गाऱ्हाणं घातलं, काकाचा सूर काढून, अर्धं हसत. मी "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि कॅसेट दाबली. जहाज आलं. काकूने टीव्हीकडे बघून मान हलवली आणि भात उतरवायला गेली. इतकंच. तेव्हा कुणी मला सांगितलं असतं की ही चेष्टा आमच्या मानगुटीवर बसणार आहे, तर मी त्याला एक डाव खेळायला दिला असता आणि घरी पाठवलं असतं.

मग ते रोजचं झालं. आणि रोज म्हटल्यावर रोज चित्र यायला हवं, म्हणजे खाच आणि कॅसेट रोज तयार हवी, म्हणजे मी. सुरुवातीला मी सगळे करतात तेच करायची, कॅसेट तोंडाजवळ धरून जोरात फुंकर. फुंकरीने चित्र यायचं. पण आठवड्याभरात दोन फुंकरा लागू लागल्या, मग चार. रेघा काळपट दिसू लागल्या. खोडरबराने घासलं तर रबराचा चुरा खाचेत गेला आणि तो काढायला मी जी पिन घातली तिने एक जीभ वाकली. माझ्या इंजिनियरिंगचा हा सुवर्णकाळ.

शेवटी मी मागच्या बौद्धवाडीतल्या नर्सबाईंकडे गेले. पालिकेच्या दवाखान्यात होत्या, मूळच्या नगरकडच्या, आणि चाळीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच इंजेक्शनं टोचलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी खोटं बोलायचं नाही.

"बाई, थोडं स्पिरिट द्याल?"

"कुठं लागलं?"

"मला नाही. कॅसेटला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग कॅसेट हातात घेऊन रेघा उजेडाकडे धरल्या. "फुंकतेस काय ह्याच्यावर?"

"हो."

"तोंडातली वाफ आहे ती. ओलं करून ठेवतेस आणि वरून म्हणतेस काळं पडलं. जखमेवर फुंकणारी बाई आणि तू, एकच." तरी एका लहान बाटलीत स्पिरिट दिलं, कापूस दिला. "माणसांतून उरलं तरच पुन्हा देईन, सांगून ठेवते."

मग मला पद्धत सापडली. खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवून रेघांच्या दिशेनेच पुसायचं, आडवं नाही. खाचेसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद, त्याला मलमलचं फडकं गुंडाळलेलं. ते हळूच आत सरकवायचं आणि हळूच बाहेर. फडक्यावर काळ्या समांतर रेघा उमटायच्या. वास उडेपर्यंत थांबायचं. मगच कॅसेट. अशी पुसली की पहिल्या दाबात जहाज यायचं, आणि काकूचा चेहरा सैल व्हायचा. नर्सबाई एकदा दारातून हा सगळा सोहळा बघत होत्या.

"काय हो वहिनी," त्या काकूला म्हणाल्या, "देवाला विचारता ते मी समजू शकते. हे पत्र्याला काय विचारताय?"

काकू म्हणाली, "देव गावाक रवता. ह्यो हय आसा."

नर्सबाईंनी माझ्या बाटलीत स्पिरिट किती उरलंय ते बघितलं आणि घरी गेल्या.

पावसाळा तोंडावर आला तशी काकाची पत्रं यायची थांबली. आधीही कधी कधी थांबायची. जहाज कुठे आहे यावर ते असायचं. पण आता संध्याकाळच्या बातम्यांत आखातातली जहाजं येऊ लागली. एका तेलवाहू जहाजावर हल्ला, इतकंच म्हणायचे. नाव कधी सांगायचे, कधी नाही. बाबा रेडिओचा आवाज बारीक करायचे, आणि बारीक केला की काकू स्वयंपाकघरातून हातातलं काम थांबवायची, म्हणजे आम्हाला कळायचं की तिला ऐकू जातंय. मग दिवा लागायचा आणि काकू येऊन टीव्हीसमोर बसायची. गाऱ्हाण्यात आता काकाचा सूर नव्हता. ओठ हलायचे, आवाज नाही. "व्हय म्हाराजा" कुठे म्हणायचं ते मला तिच्या मानेवरून ओळखावं लागायचं.

आणि मला एक गोष्ट दिसत होती जी तिला दिसत नव्हती. रोजच्या पुसण्याने आणि रोजच्या दाबण्याने त्या जिभा थकत चालल्या होत्या. वाकलेली जीभ पहिल्यासारखी उभी राहत नव्हती. मला काळजी लागायची ती काकाची की खाचेची, हे माझं मला सांगता आलं नसतं. मी कॉमर्सची मुलगी. जहाज तिथे आखातात आहे आणि ही खाच इथे जोगेश्वरीत, यांचा काही संबंध नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी कॅसेट दाबताना मी श्वास धरायची.

एका संध्याकाळी जहाज आलं, पण दोन तुकड्यांत. पुढचा भाग एकीकडे, मागचा एकीकडे, मध्ये चारेक बोटांचं काळं पाणी. दोन्ही तुकडे एकदमच सरकत होते. विमानं मात्र साबूत होती आणि बॉम्ब टाकत होती.

"एक जीभ टेकली नाहीये," मी घाईघाईने म्हणाले. "थांब, काढून परत लावते."

मी काढली, पुसली, लावली. जहाज अख्खं आलं.

"बघ. आलं की नाही?"

काकू उठून उभी राहिली होती. "कौल एकदाच लावतत गो," ती म्हणाली आणि आत गेली.

आषाढातली दिव्याची अवस आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं, तांब्याचं ताम्हण, सगळं काढून चिंचेने आणि राखेने लख्ख घासायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. आई सकाळपासून मोरीपाशी बसली होती. मी कॉलेजातून आले तर पाटावर समई, दोन निरांजनं, ताम्हण, आणि ताम्हणाच्या शेजारी ओळीत दोन कॅसेटी. हळदकुंकवासकट.

"आई! हे काय?"

"काळवंडलं होतं गं ते तांबं," आई म्हणाली. "तू त्या कापसाने काय पुसतेस, त्याने काय होणार? चिंच लावली, जुन्या ब्रशने घासलं, पाण्याने खळखळून धुतलं. बघ कसं लखलखतंय. काकूच्या जिवाला तेवढंच बरं."

खरंच लखलखत होतं. इतकं उजळ तांबं मी त्या पट्टीवर कधीच पाहिलं नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी कॅसेटी तशाच पाटावर राहू दिल्या. आमच्यातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. तांबं काळं पडलं तर चिंच, यात विचारायचं काय? त्या संध्याकाळी जहाज पहिल्या दाबात आलं, आणि काकूने आईच्या पायाला हात लावला.

चार-पाच दिवसांत रेघांच्या कडेने हिरवी बुरशी फुलली. चिंचेचा आंबटपणा पट्टीच्या आत मुरला होता, आणि कॅसेटबरोबर खाचेतही गेला होता. मी उजेडात डोकावून पाहिलं तर जिभांच्या टोकांवर तीच हिरवट पूड. स्पिरिटने पुसली की दुसऱ्या दिवशी परत. नर्सबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "चिघळली." आणि बाटली भरून दिली, न मागता.

त्याच आठवड्यात बातम्यांत सांगितलं की आखातात एका तेलवाहू जहाजाला आग लागली आणि त्यावरची माणसं गेली. नाव सांगितलं, पण नेमकं तेव्हाच वीज कमीजास्त झाली, रेडिओ खरखरला आणि नाव गेलं. बाबा दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकून कंपनीच्या ऑफिसात फोर्टला गेले. तिथे त्यांना सांगितलं की आपलं जहाज नव्हतं, पण आपल्या जहाजाकडून सध्या संदेश येत नाही. यातलं पहिलं वाक्य बाबांनी घरी सांगितलं. दुसरं त्यांनी आईला मोरीत सांगितलं, आणि आमच्या घरात मोरीला दार नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी काळा पडदा. पट्टे नाहीत, तुकडे नाहीत. काळा पडदा आणि तो हिस्स.

काकू रडली वगैरे नाही. तिने फक्त एक गोष्ट सुरू केली. कपडे धुताना, भांडी घासताना ती दोन्ही मनगटांवर फडकं गुंडाळू लागली. मला आधी वाटलं हात दुखतायत. मग कळलं, बांगड्या. हिरवी बांगडी फुटू नये म्हणून. एरवी फुटली तर आपण म्हणतो "वाढवली" आणि शुक्रवारी कासारणीकडून नवी भरतो, चेष्टा करतो. आता ती हंडा उचलतानाही कोपर लांब ठेवायची. तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की नळावर सगळ्या बायका आपोआप गप्प व्हायच्या आणि काकूकडे न बघण्यासाठी पाण्याकडे बघायच्या. सायकल पुढे जायची. दर वेळी पुढेच जायची, पण जाईपर्यंत जे व्हायचं ते व्हायचंच.

एका रविवारी दुपारी बाबा बाहेर गेले होते, तेव्हा काकू म्हणाली, "उघड ता."

बाबांच्या पेटीतला बारीक पेचकस घेऊन मी डबा उलटा केला, स्क्रू काढले. काकूने टॉर्च धरला. आत एवढंसं सामान होतं की मलाच फसवल्यासारखं वाटलं. खाचेतल्या जिभा उजेडात स्पष्ट दिसत होत्या. हिरव्या, आणि मधली एक अगदी आत दबलेली, जशी कुणी अंगठ्याने मोडली असावी. मी गोधडीच्या सुईने तिला हळूहळू वर उचलू लागले. काकूचे ओठ हलत होते. टॉर्च जराही हलत नव्हता. जीभ उठली, थोडी अजून उठली, आणि मी सुई काढून घेणार इतक्यात तिचं टोक सुईबरोबरच आलं. तांदळाच्या कणीएवढं. पाटावर पडलं तेव्हा आवाजही झाला नाही.

मी ते बोटाच्या टोकावर टिपून घेतलं.

"लागता काय त्याच्याशिवाय?" काकूने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. त्या वर्षी मी बोललेलं सगळ्यात इंजिनियरसारखं वाक्य ते हेच.

डबा बंद केला, कॅसेट लावली. काळा पडदा. बाबा दारात येऊन उभे होते. कधी आले कळलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, पण मला नाही, "पुरे झालं आता. त्याला हात लावायचा नाही कुणी."

काकूने डोक्यावरचा पदर सारखा केला. "भावोजींका सांग, नाय लावणार."

डबा तसाच टीव्हीखाली पडला, कॅसेट खाचेत तशीच. श्रावण गेला, गणपती येऊन गेले. आम्ही आरत्या खालच्या आवाजात म्हटल्या. रात्री जेवताना काकू आपलं ताट स्वतः वाढून घ्यायची, थोडं, आणि तेही परत भांड्यात घालताना आईने पाहिलं.

ऑक्टोबरचं कडक ऊन पडू लागलं तेव्हा एके सकाळी काका आला. तार नाही, पत्र नाही. खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट. आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. काकू आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसली ती उठलीच नाही. काकाच तिच्यापर्यंत गेला आणि तिथेच खाली बसला.

त्याने फारसं सांगितलं नाही. त्यांचं जहाज बरेच आठवडे एका जागी नांगर टाकून उभं होतं. जवळच्या एका जहाजाला बॉम्ब लागला होता. वास येत राहिला, म्हणाला. कसला ते बोलला नाही. एका कानाने त्याला आता कमी ऐकू यायचं, त्यामुळे काही विचारलं की तो डोकं तिरकं करायचा आणि आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. मासळी केली तर दोन घास खाऊन ताट सरकवायचा.

आम्हाला वाटलं, झालं. संपलं. मग पंधरवड्याने कंपनीचा निरोप आला: तेच जहाज परत निघतंय, येणार असलास तर सोमवारी ऑफिसात ये, नाहीतर दुसरा माणूस घेऊ.

बाबा म्हणाले, "नको जाऊस."

"न जावन करू काय, दादा?" काका म्हणाला. "इंजिनरूम सोडून माका काय येता? जमिनीर माका कोण विचारता?" तो खोलीत दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होता, अजून बोटीवरच असल्यासारखा. मग त्याचं लक्ष टीव्हीखालच्या डब्याकडे गेलं. "कौल लावूया," तो म्हणाला.

मी पाहिलं, तो हसत नव्हता.

काकू मला आत घेऊन गेली. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं की मला तिच्या बांगड्यांचीच भीती वाटली. "पुसू नको," ती कानाशी म्हणाली. "तुका शपथ आसा. पुसू नको."

पुसायचा प्रश्नच नव्हता. आत हिरवी पूड, एक जीभ तुटलेली, दोन महिने हात लावलेला नाही. काळ्या पडद्याशिवाय तिथे काही येणं शक्य नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले.

आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. काकाने कॅसेट खाचेतून काढली आणि दोन्ही हातांत धरली. "बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सुचेना. "जाऊ काय?" एवढंच म्हणाला शेवटी.

"व्हय म्हाराजा" कुणीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तर तेच उत्तर झालं असतं.

त्याने कॅसेट दाबली. खटका टाकला. टीव्ही एकदा हिस्स झाला आणि जहाज आलं. अख्खं, स्वच्छ, कडा धारदार. इतकं नीट ते अगदी पहिल्या दिवशीही आलं नव्हतं.

आज मला त्याचं कारण देता येतं. उन्हाने खोलीतली ओल सुकली होती, कॅसेट काढताना-घालताना धातू धातूवर घासून वरची पूड खरवडली गेली असणार, आणि तुटलेली जीभ कदाचित लागतच नसेल. तेव्हाही हे सगळं माझ्या डोक्यात आलं असतं, पण मी काकाच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ ताठ झाली. विमानं आली, बॉम्ब पडू लागले. जहाज हलवायला कुणी हात पुढे केला नाही. ते होतं तिथेच उभं राहिलं.

"उजवो," काका म्हणाला.

आणि काकू बोलली. बाबांसमोर, मोठ्याने, मला मध्ये न घेता.

"ह्यो कौल माका मान्य नाय."

कोकणातल्या माणसाने असं बोलायचं नसतं. कौल मागायचा नाही हे चालतं, पण मागून मिळालेला नाकारायचा नाही. आईने तोंडावर हात ठेवला. बाबांनी मान खाली घातली. काका वळला, डोकं तिरकं करून. त्याला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालंस?"

"मान्य नाय म्हटलंय. देवाचो आसो नाय तर पत्र्याचो. माका मान्य नाय. जावचा आसात तर माझ्या अंगावरसून जावा." आणि तिने हात पुढे करून टीव्हीचं बटण बंद केलं.

सोमवारी काका फोर्टला गेला नाही. मंगळवारी बाबा त्याला बरोबर घेऊन विक्रोळीला गेले, आणि काही महिन्यांनी तो तिथल्याच एका वर्कशॉपात, बाबांच्या ओळखीने, कॉम्प्रेसर सांभाळू लागला. त्याला ते काम कधी आवडलं नाही. यंत्राखाली पाणी नाही, म्हणायचा.

त्याच्या जागी रत्नागिरीकडचा एक तरुण माणूस गेला, असं कुणाकडून तरी कळलं. नुकतं लग्न झालेला. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. पण त्या हिवाळ्यात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही काकू संध्याकाळच्या बातम्यांना रेडिओपाशी येऊन बसायची, आवाजाच्या बटणावर हात ठेवून, आणि त्या जहाजाचं नाव येतं का ते ऐकायची. काका तेव्हा तिच्याकडे पाठ करून, चांगला कान भिंतीकडे ठेवून जेवायचा. बातम्या संपल्या की ती उठून त्याला भात वाढायची, आणि तो न विचारता ती म्हणायची, "आज नाय."